येवल्याचं सुतक

"मी आत येत नाही," डॉक्टर हळबे खालच्या पायरीवरूनच म्हणाले. "सकाळपासून तापाची घरं हिंडतोय. इथूनच बोलतो."

आत्याबाई तांदूळ निवडायचं सोडून दारात आल्या. डॉक्टर दारापर्यंत आले आणि आत आले नाहीत, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"का हो? आमच्या घरात वाघ बांधलाय का?"

"वाघ नाही, गर्भारशी आहे. म्हणूनच."

ती गर्भारशी मी. दाराआड उभी राहून ऐकत होते. लग्नाला वर्ष झालं होतं आणि सातवा महिना नुकता लागला होता. संगमनेरच्या कासारगल्लीत माझ्या सासऱ्यांचं, मामंजींचं, पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. साल सत्तावन्न. ज्येष्ठ सरत आला होता आणि मुंबईकडून निघालेला ताप मोटारींबरोबर आमच्या गावात येऊन पोचला होता. त्याला फ्लू म्हणायला लोक नुकते शिकत होते. गल्लीत दिवसभर भांड्यांवर ठोके पडत असायचे. माझ्या माहेरी तसलं काही नव्हतं, त्यामुळे आधी आधी डोकं उठायचं. आता एकेका दुकानातले ठोके बंद पडायला लागले, तर त्या शांततेनेच मला घरात चैन पडेना.

"परवा काय ठरवलंय तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"न सांगायला कोण उरलंय? ज्या घरात नाडी बघायला जातो तिथली बाई विचारते, परवापर्यंत ताप उतरेल ना, वडनेऱ्यांकडे जायचंय."

"सुनेचं डोहाळजेवण आहे. पहिलं नातवंड आहे माझं."

"करू नका."

आत्याबाईंनी पदर खोचला. तो खोचला की पुढचं बोलणं लांबणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण डॉक्टरांनीच पुढे सुरू केलं. "हा ताप धट्ट्याकट्ट्या माणसाला चार दिवस लोळवतो आणि सोडतो. पण लहान मूल, म्हातारं माणूस आणि पोटुशी बाई यांच्या छातीत उतरतो. तुम्ही माजघरात गल्लीभरच्या बाया बसवणार. प्रत्येकजण हिला आपल्या हाताने घास भरवणार, तोंडाजवळ तोंड नेऊन गाणं म्हणणार. मला नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी घाम फुटतो."

"मग बायांना काय सांगू?"

"खरं ते सांगा. डॉक्टरांनी नको म्हटलंय."

आत्याबाई हसल्या. "डॉक्टर, तुम्ही पुरुषमाणूस. मी घरोघर जाऊन, कुंकू लावून, सवाष्णींना सांगून आलेय. आता पुन्हा त्याच दारात जाऊन म्हणू, तू येऊ नकोस, तू आलीस तर माझ्या सुनेला बाधेल? ती काय समजेल?"

"ताप समजेल."

"ताप नाही समजायची. पायगुण समजेल. ती सोनारांची राधा, तिची दोन पोरं गेली. तिला मी येऊ नको म्हटलं तर ती विहिरीकडे बघेल. सवाष्णीला दिलेलं बोलावणं असं परत घेता येत नाही हो."

"मी सांगू का त्यांना?"

"म्हणजे वडनेऱ्यांची बाई घाबरली आणि डॉक्टरला पुढं केलं. नको."

डॉक्टरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांचेही डोळे लाल दिसत होते. त्यांनी विचारलं, "मानमोडीची साथ आठवते का तुम्हाला? लहान असाल तेव्हा."

माझ्या आजोळी म्हातारी माणसं त्या साथीचं नाव काढायची. पहिलं महायुद्ध संपताना आलेला तो ताप. गावंच्या गावं ओस पडली म्हणायची.

आत्याबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग एवढंच म्हणाल्या, "आठवते." आणि आत निघून गेल्या.

डॉक्टर तिथेच उभे. दाराच्या फटीकडे बघून म्हणाले, "पोरी, ऐकते आहेस ना?"

मी हो म्हटलं.

"मग नीट ऐक. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या. खिडक्या उघड्या ठेवायच्या. बाहेरून आल्यावर हातपाय साबणाने धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, आणि बाहेर जायचंच नाही. घरात कुणाला ताप आला तर त्याची खोली वेगळी, ताट वेगळं, ते ताट उकळत्या पाण्यातून काढायचं. आणि तुझ्यासमोर कुणी शिंकलं की उठून जायचं. मग ती सासू का असेना."

"आत ऐकू येतंय मला," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले.

मला त्यांचा राग आला होता. हिरवी साडी आणून ठेवली होती. माहेरचं कुणी येणार नव्हतं, आई बाळंतिणीजवळ अडकली होती, पण शेवंती, मोगरा, अबोलीचे दागिने करायला माळ्याला सांगून झालं होतं. गरिबाघरची पोर मी. माझ्याभोवती कुणी आरती घेऊन फिरलंय, मला विचारून काही रांधलंय, असं आयुष्यात एकदाच व्हायचं होतं. ते हा माणूस पायरीवर उभा राहून मोडायला निघाला होता.

परसात गेले. परसाच्या पलीकडे यमुनाकाकूंचं परस, मध्ये कंबरेएवढी भिंत. यमुनाकाकूंची मालन पहिल्या बाळंतपणाला कोपरगावहून आली होती. तिलाही सातवाच. आम्ही दोघी दुपारी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहायचो. बसलं की उठवत नसे.

"डॉक्टर तुमच्याकडेही आले होते?" ती म्हणाली. "आईला म्हणाले, घरात माणसं गोळा करू नका. आई म्हणाली, आधी वडनेरेवहिनींना सांगा, त्यांनी ऐकलं की आम्ही ऐकू."

"आत्याबाई नाही ऐकायच्या."

"मग झालं तर," मालन म्हणाली. "मला जिलबी हवीय. तुझ्या ताटातली पहिली माझी."

आत्याबाईंचं गल्लीत तसंच होतं. त्यांनी लोणच्याच्या कैऱ्या आणल्या की दुसऱ्या दिवशी चार घरांत कैऱ्या यायच्या.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई नारळ आणायला बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा मी माजघरात फुलवाती करत होते. त्या आत आल्याच नाहीत. पुढच्या दाराने न येता वळसा घालून परसात गेल्या आणि तिथून हाक मारली, "प्रभे, न्हाणीत पाणी ओत. लांबून ओत. मला शिवू नकोस."

"काय झालं?"

"येवल्याचे दौलतभाऊजी गेले. बाजारात तिकडचा माणूस भेटला, त्यानं सांगितलं."

त्यांनी नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी घेतलं. दौलतभाऊजी म्हणजे मामंजींचे सख्खे चुलतभाऊ. दुकानाच्या वाटणीवरून भांडण झालं होतं आणि तेव्हापासून येणं-जाणं बंद होतं. मी त्यांना पाहिलंही नव्हतं. पण भाऊबंदच, सुतक दहा दिवसांचं. सुतकात कसलं डोहाळजेवण.

मामंजी दुकानातून आले. "कोण गेलं म्हणतेस?"

"तुमचे दौलतभाऊजी."

मामंजी आत्याबाईंकडे बघत राहिले. बराच वेळ. आत्याबाईंनीही नजर खाली घेतली नाही. लुगड्याचं पाणी फरशीवर गळत होतं.

"बरं," मामंजी म्हणाले. "मी पण आंघोळ करतो."

त्यांनी डोळ्यांतून एक टिपूस काढलं नाही. जुनं भांडण अजून मनात आहे, असं मी समजले. ह्यांनी विचारलं, "दादा, येवल्याला जायला हवं ना?" तर म्हणाले, "तापाचे दिवस आहेत. मोटारीत बसायला नको. मेलेला काय वाट बघतोय."

आत्याबाई पुन्हा गल्लीत निघाल्या. ज्या दारांत कुंकू लावून आल्या होत्या, त्याच दारांत लांब उभं राहून सांगत गेल्या. संध्याकाळपर्यंत एकेक बाई येऊन आमच्या पायरीखालून हळहळून गेली. सुतकाच्या घरात कुणी येत नाही, आमच्याकडचं पाणी कुणी घेत नाही. आत्याबाई दारातून बोलत होत्या. एकीला सांगितलं, छातीत कळ आली. दुसरीला सांगितलं, पडले म्हणे. मी आतून ऐकत होते. मनात आलं, दुःखानं यांचं चित्त ठिकाणावर नाही. राधा सोनारीण रडली. "पोरीची हौस राहिली हो," म्हणाली. तेव्हा मला माझं रडू आवरेना, आणि मी रडत होते ते दौलतकाकांसाठी नाही, हे आत्याबाईंना कळत होतं.

"साडी कुठं पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "नववा लागला की करू."

दिवेलागणीच्या आधी भिंतीपलीकडून यमुनाकाकूंनी हाक मारली. आत्याबाई परसातच होत्या. मी चुलीपाशी.

"वहिनी, वाईट झालं. पण मी काय म्हणते, बायांना सांगून झालंय, माळ्याला फुलं सांगून झालीत. मालनलाही सातवाच आहे. तर उद्याचा दिवस मी माझ्याकडेच घेते. नाहीतरी करायचंच होतं."

आत्याबाईंनी हातातली बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "नको गं यमुना. करू नकोस."

"का?"

"गावात ताप आहे."

"ताप काय आज आलाय? कालपर्यंत तुम्ही करत होताच की."

"मी करत होते..." आत्याबाई थांबल्या. "डॉक्टर नको म्हणतात."

"तुम्हाला नको म्हणाले तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते सगळ्या गल्लीनं ऐकलंय," यमुनाकाकू हसल्या. मग हसणं थांबलं. "तुमच्या सुनेचं राहिलं म्हणून माझ्या पोरीचंही होऊ नये, असं तर नाही ना वहिनी?"

"यमुना!"

"नाही ना? मग झालं. फुलं मी माळ्याकडून घेते."

आत्याबाई आत आल्या. मला वाटलं, काकू बोलल्या तेच खरं, यांना बघवत नाहीये. मलाही बघवत नव्हतं. माझी फुलं, माझ्या बाया, माझी जिलबी.

दुसरा दिवस भिंतीला कान लावून गेला. मी आणि आत्याबाई, दोघींचाही. मी एका जागी बसू शकत नव्हते. पाय सुजले होते, तरी माजघरातून परसात, परसातून माजघरात. आत्याबाई पुढच्या दारात जाऊन कोण कोण आलं ते बघत होत्या, पुन्हा मागे येत होत्या. "खिडकी लाव ती," म्हणाल्या. मी लावली. "अगं उघड. उघडी ठेवायला सांगितलीय ना डॉक्टरांनी?" मी उघडली. पलीकडे गाणी सुरू झाली. बांगड्यांचा आवाज, हसणं, कुणीतरी मालनला नाव घ्यायला लावत होतं. मध्येच आत्याबाईंनी माझा दंड धरला.

"कोण खोकतंय?"

"कुठं?"

"गाण्यात. ऐक. पुन्हा खोकली. कोण आहे ती?"

मला काही ऐकू येत नव्हतं. त्या मात्र भिंतीपाशी उभ्या राहून प्रत्येक कडव्याला मान वळवत होत्या.

सगळं उरकल्यावर मालन भिंतीपाशी आली. डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, दंडात फुलांची वाकी. माझ्या मापाची होती, तिच्या दंडाला घट्ट बसली होती. "तुझ्या नावाचा एक घास जास्त खाल्ला," ती म्हणाली आणि पानात गुंडाळलेली जिलबी भिंतीवर ठेवली. ती मागे वळल्याबरोबर आत्याबाईंनी चिमट्याने ते पान उचललं आणि चुलीत टाकलं. मी तेव्हा त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या तीन-चार दिवसांत गल्लीतले उरलेसुरले ठोकेही थांबले. राधा सोनारीण पडली, माळीण पडली. मग यमुनाकाकू पडल्या आणि मालनही. यमुनाकाकूंचे यजमान माल घेऊन जत्रांना गेलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. पलीकडून दिवसभर खोकला ऐकू यायचा. आता कोण खोकतंय हे विचारायची गरज नव्हती.

डॉक्टर त्यांच्या घरातून बाहेर आले आणि आमच्या पायरीपाशी जरा टेकले. आत्याबाई दारातच होत्या. त्या दिवशी त्या जेवल्याच नव्हत्या.

"कशी आहे?"

"पोरीच्या छातीत उतरलाय. दर घटकेला पाणी पाजायला, अंग पुसायला, उशा लावून बसती ठेवायला कुणीतरी जवळ हवं. आईला उठवत नाही. गल्लीत पाच घरं विचारली, कुणी उंबरा ओलांडायला तयार नाही." ते उठले. "तुम्हाला विचारून उपयोग नाही. तुम्हाला सुतक. दहावा झाला की बघू, तोवर ती राहिली तर."

आत्याबाई पायऱ्या उतरल्या. चपला घातल्या नाहीत. डॉक्टर बघत राहिले. मी परसात धावले, जेवढं धावता येत होतं तेवढं. भिंतीवरून यमुनाकाकूंचं मागचं दार दिसत होतं आणि दारातून आतली खाट. मालनचा चेहरा राखेसारखा झाला होता. यमुनाकाकू जमिनीवर घोंगडीवर पडल्या होत्या.

आत्याबाई आत शिरताना दिसल्या तशा काकू कोपरावर उठल्या. "वहिनी, नका. सुतकाच्या हाताने पोरीला शिवू नका. तिच्या पोटात जीव आहे."

"सुतक नाही मला."

"दहा दिवस कुठं झालेत?"

"कुणी गेलेलं नाही, यमुना. दौलतभाऊजी येवल्यात धडधाकट आहेत. मीच मारलं त्यांना."

डॉक्टर मागोमाग आले होते, ते दारात थांबले. यमुनाकाकूंना आधी समजलंच नाही. त्या आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कशाला?"

"बोलावणं परत घ्यायला दुसरं काय होतं माझ्याजवळ? कुणाला वाईट वाटायला नको होतं. आणि माझ्या घरात माणसं नको होती."

"म्हणजे तुम्हाला पटलं होतं. डॉक्टर बोलले ते."

"हो."

"आणि मला?"

"तुला म्हटलं होतं, करू नको म्हणून."

"का करू नको, ते नाही म्हणालात." काकूंना धाप लागली. "तुम्ही ऐकत नाही म्हणून मी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत हे मला कळू दिलं नाहीत."

आत्याबाई खाटेशी गेल्या, मालनला काखेत हात घालून वर उचललं, पाठीशी उशी सारली आणि चमच्याने पाणी पाजायला लागल्या. काकूंनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "घोट लहान द्या. मोठा उलटून पडतो," आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंत तर सगळ्या गल्लीला सुतक लावलं असतं मी."

तेव्हा आत्याबाईंना भिंतीवरून डोकावणारी मी दिसले. "तू आत जा," त्या ओरडल्या. "आणि दार लावून घे. ताप जाईपर्यंत मी इकडंच राहणार. घरात पाऊल टाकायची नाही. स्वयंपाक तुझे मामंजी करतील."

मामंजींना पिठलं येत होतं. आम्ही पिठलं खात राहिलो. त्यातलं थोडं मी भिंतीवर ठेवायची आणि मागे सरायची, मग आत्याबाई येऊन घेऊन जायच्या. जेवताना मी मामंजींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दौलत्या मेला असता तर मला तिच्या आधी कळलं असतं," ते म्हणाले. मग ताटात बघत बसले. "तुझ्या आत्याबाईची आई मानमोडीत गेली. पोटात दिवस होते. ही तेव्हा आठ-नऊ वर्षांची. घरात सगळे पडलेले, आईला पाणी द्यायला हीच एकटी. आपल्या घरात तिनं हे कधी काढलं नाही. मला सासऱ्यांनी सांगितलं."

मालन वाचली. पोर राहिलं नाही. वेळेच्या आधी झालं, रडलंच नाही. आत्याबाई भिंतीपाशी आल्या तेव्हा त्यांच्या हाताला हळदीचा वास होता आणि डोळ्यांत ताप होता. "मालन आहे," एवढंच म्हणाल्या. मुलगा की मुलगी, ते मी विचारलं नाही. मग त्या स्वतःच यमुनाकाकूंच्या घरात पडल्या. काकू तोवर उठल्या होत्या. आत्याबाईंना पेज करून द्यायच्या, अंग पुसायच्या. बोलायच्या नाहीत.

डॉक्टर हळब्यांनी मात्र त्या दिवसापासून वेगळंच सुरू केलं. वेगळी खोली, वेगळं ताट, उकळतं पाणी हे सगळं सांगायचं त्यांनी सोडून दिलं. ज्या घरात ताप असेल त्याच्या पायरीशी उभं राहून ते ओरडून सांगायचे, "या घराला दहा दिवसांचं सुतक आहे. कुणी मेलेलं नसताना पाळा, म्हणजे कुणी मरणार नाही." ते मात्र गल्लीला नीट समजलं. शिवायचं नाही, कुणाकडे जायचं नाही, भांडं वेगळं, अंथरूण वेगळं, काहीच नव्यानं शिकवायला लागलं नाही. सुतकाच्या घरी ना कुणी जात होतं, ना बोलावलं नाही म्हणून कुणी रागावत होतं. मागे त्या मोठ्या साथीत माझी नात फोनवरून मला क्वारंटाइन म्हणजे काय ते समजावून सांगत होती. मी तिला म्हटलं, बाळ, मला ठाऊक आहे ते. पण सगळं सांगितलं नाही.

भाद्रपदात मला मुलगी झाली. डोहाळजेवण नवव्यातही झालं नाही, मीच नको म्हटलं. बारसं करायचं ठरलं तेव्हा आत्याबाई पुन्हा कुंकू घेऊन गल्लीत निघाल्या. मालन तोवर सासरी गेली होती. बाकीच्या बायांनी त्यांना थोडं छळलं. "या वेळी कुणाला मारणार नाही ना?" राधा सोनारणीनं विचारलं, आणि आत्याबाईंनी तिच्या कपाळाला जरा जास्तच कुंकू फासलं. यमुनाकाकूंनी कुंकू लावून घेतलं. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत. त्यांचं आमच्याशी बोलणं तसंच बंद होतं.

मामंजी मात्र येवल्याला जाऊन आले. "निदान एकदा मारल्याबद्दल तरी माणसाला जेवायला बोलवायला हवं," असं म्हणून गेले आणि भावाकडून यायचं कबूल करून घेऊन आले. मुलीसाठी एक सुतक पाळलं होतं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पलीकडच्या घराचं काही सांगितलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी दौलतकाका मोटारीतून उतरून गल्लीत शिरले ते मिरवतच. बुटके, गोल, डोक्याला तांबडा रुमाल. ठोके पुन्हा सुरू झाले होते. प्रत्येक दुकानापाशी थांबून ते सांगत होते, "राम राम. मी वडनेऱ्यांचा मेलेला भाऊ." कारागीर हातोड्या ठेवून बघत होते. पोरं मागून चालली होती. कुणी म्हणालं, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. "वाढलंय तर," काका म्हणाले. "चांगलं दोन बोटं वाढलंय." मी मुलीला घेऊन दारात उभी होते, आत्याबाई पायरीवर. मी किती महिन्यांनी त्यांना हसताना बघत होते.

यमुनाकाकू आपल्या दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. काकांनी त्यांना ओळखलं. वाटणी होण्याआधी ते इथंच राहिलेले.

"काय यमुनाबाई, ओळखलंत का? मी येवल्याचा दौलत. जिवंत आहे बरं का."

यमुनाकाकूंनी सूप खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जिवंत आहात, हे आम्हाला फार उशिरा कळलं."

काका मोठ्यानं हसले. गल्लीत दुसरं कुणी हसलं नाही.